माल त्याचा, काटाही त्याचाच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



वाशीच्या घाऊक बाजारात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका अडत्याकडे मी हिशेब लिहीत असे. तिथे एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच कळते. माल शेतकऱ्याचा असतो, घेणारा व्यापारी असतो, पण वजन त्या दोघांपैकी कुणी करायचे नसते. त्यासाठी तोलणार किंवा मापाडी हा तिसराच माणूस असतो. त्याच्याकडे बाजार समितीचा परवाना असतो आणि काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का. भांडणे तरीही होतातच. पण भांडण काट्यावर होते, एकमेकांच्या जातीगोतावर जात नाही. हे फार मोठे काम तो काटा करतो.

आज मला बोलायचे आहे ते पाण्याबद्दल आणि पाण्याच्या काट्याबद्दल. नेरूळ, सीवूड्स, पाम बीच रस्ता या बाजूला ज्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांपैकी अनेकांच्या आवारात पोहण्याचा तलाव असतो. काही ठिकाणी क्लबहाउसमध्ये जाकुझीही असते. जाकुझी म्हणजे गरम पाण्याचे छोटेसे टाके. त्यात खालून हवेचे आणि पाण्याचे फवारे सुटतात आणि चार-सहा माणसे गळ्यापर्यंत बुडून गप्पा मारत बसतात. तुम्ही म्हणाल, ही सुखवस्तू माणसांची चैन, आम्हांला त्याचे काय? थोडा धीर धरा. त्या टाक्यातला प्रश्न शेवटी तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत येऊन पोचतो.

माझे गाव दापोली तालुक्यात. आमच्याकडे मशिदीच्या हौदावर वुजू करायचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायचे, तर पाण्याच्या तीन गोष्टी बघायची रीत आहे. रंग, वास आणि चव. तिन्हींत बदल नसेल तर पाणी चांगले. हिंदू घरांतल्या म्हाताऱ्या बायकाही विहिरीचे पाणी याच तीन कसोट्यांवर पारखत. शेकडो वर्षे माणसांनी यावर निभावले आणि अजूनही पहिली पारख हीच. पण या तिन्हींना चकवणारे पाणीही असते. काचेसारखे स्वच्छ दिसणारे, वास नसलेले, गोड लागणारे पाणी आजारी पाडू शकते, कारण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

आमच्याच तालुक्यात उन्हवऱ्याला गरम पाण्याचे झरे आहेत. ठाणे-पालघरकडच्या लोकांना वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे माहीत असतील. तिथे खालून नवे पाणी येत राहते आणि जुने वाहून जाते. जाकुझीत असे होत नाही. तेच दीड-दोन हजार लिटर पाणी गाळून, तापवून पुन्हा पुन्हा फिरवले जाते. माणसांच्या अंगाचा घाम, तेल, साबण, सगळे त्यातच राहते. म्हणून त्यात क्लोरीन लागतो, आणि पुरेसा आहे की नाही हे रोज मोजावे लागते.

मी बी.ए. झालेला माणूस, रसायनशास्त्राशी माझा संबंध नाही. पण मला समजले ते सोप्या शब्दांत सांगतो. मोजायच्या मुख्य गोष्टी दोन. पहिली, मोकळा क्लोरीन, म्हणजे जंतू मारण्यासाठी अजून शिल्लक असलेला. पोहण्याच्या तलावात तो दर लिटरला निदान १ मिलिग्रॅम आणि गरम टाक्यात निदान ३ मिलिग्रॅम असावा, असे अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. दुसरी गोष्ट पीएच, म्हणजे पाण्याचा आंबटपणा-खारेपणा. तो ७ ते ७.८ च्या दरम्यान असावा. या दोन आकड्यांचे एकमेकांशी नाते आहे. पीएच साडेसात असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जोमाने काम करतो. तोच पीएच आठवर गेला की जेमतेम पाव भाग कामाचा उरतो. म्हणजे क्लोरीन तेवढाच, पैसे तेवढेच आणि राखण निम्मी.

आणखी एक गोष्ट ऐकून मी चकितच झालो. तलावाजवळ गेल्यावर नाकाला जो झणझणीत वास येतो त्याला आपण ‘क्लोरीन जास्त झाला’ म्हणतो. तो वास बहुतेक वेळा वापरून झालेल्या क्लोरीनचा असतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की जी संयुगे तयार होतात, ती डोळे झोंबवतात आणि वासही त्यांचाच येतो. म्हणजे वास फार येत असेल तर मोकळा क्लोरीन कमी पडल्याचा संशय आधी घ्यायला हवा. इथे आपले नाक नेमके उलटे सांगते.

आता आमच्या सोसायटीची हकिकत. एका मे महिन्यात मुलांचे डोळे लाल होऊ लागले. दोन-तीन मुलांचे कान ठणकू लागले. एका मुलीला तर कानाच्या दुखण्यापायी आठवडाभर औषधे घ्यावी लागली. सोसायटीची सभा भरली. कोणी म्हणाले, बाहेरची मुले येतात. बाहेरची म्हणजे वॉचमनची, ड्रायव्हरची, आणि सुट्टीत आलेले पाहुणे. कोणी म्हणाले, अंगभर कपडे घालून उतरणाऱ्या मुलींमुळे पाणी खराब होते. अशा मुली दोनच होत्या आणि त्यांतली एक माझ्या भाचीची मुलगी. हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून बोलणाऱ्याने बोलताना माझ्याकडे पाहिले नाही. मीही काही बोललो नाही. पाहुण्यांना आणि ‘बाहेरच्यांना’ बंदी घालायचा ठराव जवळजवळ तयार झाला होता.

आमच्या इमारतीत रसायनशास्त्राच्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्या उठून एवढेच म्हणाल्या, “ठराव नंतर करा. आधी पाण्याची वही आणा.”

वही आली. तीन महिन्यांची पाने होती. प्रत्येक दिवशी पीएच ७.४, क्लोरीन १.५. पाऊस असो, ऊन असो, रविवारची गर्दी असो, आकडा तोच. तलावाची देखभाल एका ठेकेदाराकडे होती. रसायनेही तोच पुरवी, तपासणीही तोच करी आणि वहीही त्याचाच माणूस लिही. तो माणूस म्हणजे वीस-बावीस वर्षांचा पोरगा. बाईंनी त्याला जवळ बोलावून विचारले, “बाळा, मोजतोस कशाने?” त्याने पंपघरातून तपासणीच्या पट्ट्यांची डबी आणून दाखवली. डबीचे झाकण गायब होते, पट्ट्या दमट हवेत पिवळ्या पडल्या होत्या आणि त्यांची मुदत कधीच संपली होती. “नवीन मागितल्या होत्या बाई, मिळाल्या नाहीत. वही मात्र रोज भरायला सांगितली होती,” तो म्हणाला. त्याच्यावर रागवावे असे त्यात काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी आपली छोटी पेटी आणली. तिला डीपीडीच्या गोळ्यांची पेटी म्हणतात. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, गोळी चुरून टाकायची. मोकळा क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होते, आणि त्याची छटा शेजारच्या रंगपट्टीशी जुळवायची. ग्रामपंचायतीत ज्यांनी क्लोरोस्कोप पाहिला असेल त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही. तिथल्या जुन्या द्रावणाने पाणी पिवळे होई. त्या द्रावणातल्या ऑर्थोटोलिडिनमुळे कर्करोगाचा धोका असल्याने ते मागे पडत गेले. बाईंनी कोपरभर खोलीवरून, पाणी आत येते त्या तोंडापासून दूर, नमुना घेतला. आम्ही दहा-बारा जण भोवती उभे. तलावाच्या पाण्यावर गुलाबी रंग जेमतेम आला. पीएचचा रंग पट्टीच्या वरच्या टोकाला, आठच्या पुढे गेला. दुसरी गोळी टाकल्यावर मात्र नळी चांगलीच गुलाबी झाली. म्हणजे क्लोरीन होता, पण बहुतेक सारा वापरून झालेला. जाकुझीच्या पाण्यात पहिल्या गोळीने रंगच आला नाही.

समितीतल्या एका गृहस्थांना वाटले, घरच्या पेटीवर कसा विश्वास ठेवायचा? दुकानात यंत्र असते. म्हटले, बरोबर आहे, तेही करून बघू. एकाच वेळी भरलेल्या दोन बाटल्या दोन वेगळ्या दुकानांत गेल्या. पहिल्या दुकानाने छापील कागद दिला आणि त्याखाली चार वस्तूंची यादी. दुसऱ्यानेही कागद दिला, यादी मात्र सहा वस्तूंची, आणि त्यातल्या दोनच पहिल्या यादीत होत्या. दोघांचेही क्लोरीनचे आकडे बाईंच्या आकड्यापेक्षा कमी. यात कुणी खोटे बोलत होते असे मी म्हणत नाही. मेच्या उन्हात, गाडीत तासभर पडलेल्या बाटलीतला क्लोरीन वाटेतच कमी होतो. म्हणून क्लोरीन आणि पीएच ही मोजमापे पाण्याच्या काठावर उभे राहूनच करायची असतात.

दुकानदाराची बाजूही सांगायला हवी. त्याचे यंत्र रंगाची छटा डोळ्यांपेक्षा नेमकी वाचते. वाटेत सहसा न बदलणाऱ्या गोष्टी, जसे पाण्याचा कठीणपणा किंवा क्लोरीनला उन्हापासून वाचवणाऱ्या सायन्युरिक ॲसिडचे प्रमाण, तिथे चांगल्या मोजून मिळतात. हे ॲसिड क्लोरीनच्या काही गोळ्यांतूनच पाण्यात साठत जाते, आणि फार साठले की क्लोरीन सुस्त होतो. त्यावर साधा उपाय म्हणजे थोडे पाणी काढून नवे भरणे. आता हा उपाय बाटलीत भरून विकता येत नाही. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याच्या यादीत तो वरच्या ओळीत येईल का, हा प्रश्न मनात ठेवावा. माल त्याचा आणि काटाही त्याचाच असला की एवढी सावधगिरी भागच असते.

घरच्या काट्यालाही खोट असते, हे बाईंनीच आम्हांला बजावले. पट्ट्या ओल्या बोटांनी काढल्या की खराब होतात. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखाली गुलाबी रंग ओळखता येत नाही. आणि सर्वांत फसवा प्रकार असा, की क्लोरीन प्रमाणाबाहेर जास्त झाला तर तो डीपीडीचा रंगच उडवून टाकतो. नळी कोरी दिसते. माणूस समजतो शून्य आहे आणि आणखी ओततो. म्हणून कोरी नळी दिसली की तेच पाणी साध्या पाण्यात पातळ करून पुन्हा तपासायचे. आमच्या जाकुझीचे पाणी बाईंनी तसे तपासले. ते खरोखरच शून्य होते.

तिसरा काटा प्रयोगशाळेचा. जंतू आहेत की नाहीत हे ना पट्टी सांगते, ना दुकानातले यंत्र. त्यासाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली आणावी लागते. तिच्यात क्लोरीन मारणारे रसायन आधीच घातलेले असते, नाहीतर बाटलीतला क्लोरीन वाटेत जंतू मारून टाकील आणि अहवाल खोटा चांगला येईल. नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत पोचवायचा. एनएबीएलची मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडायची. तिला तुम्हांला काहीही विकायचे नसते, हा तिचा मोठा गुण. आमच्या तलावाचा नमुना तिथे गेला आणि अहवालात नको ते जंतू सापडले.

गरम टाक्याबाबत एवढी काळजी कशाला, असे वाटेल. त्याचे उत्तर नेदरलँड्समध्ये १९९९ साली मिळाले. बोव्हेनकार्स्पेल नावाच्या गावी फुलांचे मोठे प्रदर्शन भरले होते आणि तिथे विक्रीसाठी फेसाळत्या गरम पाण्याची टाकी चालू करून मांडली होती. त्या पाण्याच्या तुषारांतून लिजिओनेला नावाचा जंतू हवेत पसरला. लोक नुसते जवळून चालत गेले होते. सुमारे दोनशे माणसे न्यूमोनियासारख्या आजाराने पडली आणि त्यांतली ३२ दगावली. लक्षात घ्या, ती टाकी विक्रेत्याच्या मांडवात होती. कोमट-गरम पाणी, उडणारे तुषार आणि जंतुनाशकाची कमतरता, एवढे जमले की पुरते.

अहवाल घेऊन पुन्हा सभा भरली. या वेळी बोलणे वेगळे झाले. पीएच एवढा का चढला, गाळणी किती तास चालते, पोहण्याआधी अंघोळ करण्याचा नियम किती जण पाळतात, यावर चर्चा झाली. अंघोळीचा नियम मोडणाऱ्यांत इमारतीतलीच माणसे अधिक निघाली. माझ्या भाचीच्या मुलीचा पोशाख पोहण्यासाठीच बनवलेल्या नायलॉनचा होता. बाईंनी समजावून सांगितले की पाण्याच्या दृष्टीने तो आणि छोटा पोहण्याचा पोशाख एकच. बंदीचा ठराव कुणी मांडलाच नाही. कुणी माफीही मागितली नाही. पण वॉचमनची मुले दुसऱ्या रविवारी पाण्यात होती.

त्या दिवशी मला महाडचे चवदार तळे आठवत होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक त्या तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर ‘पाणी बाटले’ म्हणून सवर्णांनी पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतून तळे ‘शुद्ध’ केले. ज्या पाण्यात माणसाच्या स्पर्शाने काहीच बिघडले नव्हते, त्यात शेण आणि गोमूत्र ओतले गेले. आमच्या सोसायटीतल्या कुरबुरीची त्या लढ्याशी तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण ज्या समाजात पाणी कुणामुळे बाटले हे ठरवायची सवय इतकी जुनी आहे, तिथे पाणी मोजून बघायची सवय लावून घेणे हे नुसते आरोग्याचे काम राहत नाही. नळीतला गुलाबी रंग नाव विचारत नाही.

आता आमच्याकडे तलावाच्या फाटकाशी एक काळा फळा आहे. सकाळी आणि संध्याकाळी पीएच आणि क्लोरीनचे आकडे त्यावर खडूने लिहितात. तो पंपघरातला पोरगाच मोजतो, पण रहिवाशांपैकी एक जण शेजारी उभा असतो. पेटी सोसायटीने विकत घेतलेली आहे, ठेकेदाराची नाही. महिन्याला एक नमुना प्रयोगशाळेत जातो. दुकानात आम्ही जातो ते यादी घेऊन. आणायला जात नाही. जाकुझी मात्र बंदच ठेवली आहे. ती चालू असताना दर दोन-तीन तासांनी कुणीतरी तपासायला हवे आणि तेवढी माणसे आमच्याकडे नाहीत. हे मान्य करून कुलूप लावणे बरे, असे सर्वानुमते ठरले.

सुरुवातीला मी स्वयंपाकघरातल्या नळाचे म्हणालो होतो. तुमच्या दारातही पाण्याचा काटा घेऊन माणूस येतो. तो तुमच्या नळाचे पाणी एका पेल्यात आणि आपल्या यंत्राचे पाणी दुसऱ्यात घेतो, दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवतो. तुमचे पाणी पाहता पाहता तपकिरी-हिरवे, गढूळ होते, त्याचे मात्र नितळ राहते. घरातली बाई घाबरते. ती घाण पाण्यातली नसते. कांडीचे लोखंड विजेमुळे विरघळून तो गाळ तयार होतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, आणि थोडे क्षार तर चांगल्या पाण्यातही असतातच. आरओच्या पाण्यात ते काढून टाकलेले, म्हणून तिथे फारसे काही घडत नाही. त्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि कांड्या पुन्हा बुडवायला सांगा, तोही गढूळ होईल.

दुसरे त्याचे हत्यार टीडीएस मीटर. ते विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जंतूंविषयी एक अक्षर सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा दर लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. नवी मुंबई महापालिकेचे पाणी मुख्यतः खालापूरजवळच्या मोरबे धरणाचे, म्हणजे पावसाचे साठवलेले पाणी. माझ्या नळावर मीटर शंभरच्याही आत राहतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्याला आरओ वापरण्यावर बंदी आणावी, असे सरकारला सांगितले होते. त्याचे कारण हेच, की गरज नसताना क्षार काढायचे आणि त्यापायी कितीतरी पाणी मोरीत सोडायचे. बिघाड होतो तो बहुतेकदा आपल्याच इमारतीच्या टाकीत. झाकण फुटलेले असते, टाकी वर्षभर धुतलेली नसते. तिथे टीडीएस मीटर गप्प बसतो. तिथे क्लोरीनची गोळी बोलते. नळाच्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावा, असे तेच मानक म्हणते. तो नसेल तर टाकीवर चढून बघायची वेळ झाली.

खेड्यांतल्या बायका हे काम शहरवाल्यांच्या आधीपासून करू लागल्या आहेत. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक साधी बाटली तयार केली. तिच्यात पाणी भरून ठेवायचे. दिवस-दोन दिवसांत ते काळे झाले तर त्यात मैल्याचे जंतू आल्याचा संशय घ्यायचा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आखली गेली. ज्यांना ते पाणी भरावे आणि प्यावे लागते, त्यांच्याच हातात काटा दिला, ही त्यातली मोलाची गोष्ट.

तेव्हा श्रोतेहो, कुणी तुमच्या पाण्याचा आकडा सांगू लागला तर त्याला तीनच गोष्टी विचारा. मोजले कुणी? मोजले काय? आणि पाणी कुठून, कधी घेतले होते? पिण्याच्या पाण्याच्या क्लोरीनची साधी पेटी फार महाग नसते. इमारतीत वर्गणी काढून एक घ्या. ती कोरड्या जागी, झाकण लावून ठेवा, आणि आकडा सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लिहा.